अनुतापाच्या विटेवर

आषाढ शुद्ध एकादशीस पंढरीत लोटणारा वैष्णवांचा मेळा प्रथम धाव घेतो तो चंद्रभागेकडे. स्नान करावे, वाळवंटातील भक्त पुंडलिकाच्या मंदिरी मस्तक टेकावे आणि मग महाद्वाराची वाट धरावी, अशी पूर्वापार रीत आहे. नदीला मोठा पूर आला म्हणजे पुंडलिकाचे मंदिर पाण्यात जाते. अशा वेळी वारकरी घाटावर उभा राहून त्या दिशेने हात जोडतो, पण क्रम मोडीत नाही. वारकऱ्यांच्या जयघोषातही विठ्ठलाच्या आधी पुंडलिकाचेच नाव येते. देवाच्या आधी भक्ताला हा मान कशाकरिता मिळाला असेल? पुंडलिकाने राज्य जिंकले नाही, वादसभा गाजवली नाही. त्याने आपल्या आईबापांना छळले होते आणि पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, एवढीच त्याची थोरवी. महाराष्ट्राचे आराध्य दैवत एका पश्चात्तप्त मुलाने फेकलेल्या विटेवर उभे आहे, ही गोष्ट आपण रोज ऐकतो. म्हणूनच कदाचित तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही.

कथेचे पाठभेद अनेक आहेत, पण गाभा सर्वांस ठाऊक आहे. पुंडलिक तारुण्याने उन्मत्त झाला. जानुदेव आणि सत्यवती या वृद्ध मातापित्यांची त्याने हेळसांड केली. काशीयात्रेस निघाला तोही आपण घोड्यावर आणि आईबाप पायी, असा. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला असता उत्तररात्री त्याने मलिन वस्त्रांतील तीन स्त्रिया आत शिरताना पाहिल्या. त्यांनी अंगण झाडले, सडा घातला, आणि बाहेर पडताना त्यांची वस्त्रे निर्मळ झालेली होती. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती. जगाची पापे धुऊन मळलेल्या या नद्या एका मातृपितृभक्ताच्या दारी केर काढून शुद्ध होत होत्या! पुंडलिकाचे डोळे उघडले, आणि पुढे साक्षात परब्रह्म दारी आले तेव्हा तो आईबापांचे पाय चेपीत बसला होता. त्याने मागे न वळता एक वीट सरकवून दिली.

या प्रसंगी पुंडलिकाने काय केले नाही, याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष नेहमी वेधतो. पापांची क्षमा करणारा समोर उभा होता. तरी पुंडलिकाने क्षमा मागितली नाही, डोळ्यांतून पाणी काढले नाही, जुन्या अपराधांचा पाढा वाचला नाही. हातातले काम त्याने हातातून सोडले नाही. पश्चात्तापाचे सगळे शास्त्र या एका कृतीत सामावले आहे, असे आम्हांस वाटते.

दोन प्रश्न

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. परक्याच्या घरचे दुःख ऐकून होते ती हळहळ. करावयाचे म्हणून योजलेले आणि राहून गेलेले मनाला लागून राहते ती चुटपुट. तीच वर्षानुवर्षे मुरली म्हणजे रुखरुख. कुणाचा शब्द काट्यासारखा आत मोडून राहतो तो सल. आयुष्याच्या एकूण जमाखर्चाकडे पाहून वाटते ती खंत. आणि या सर्वांहून वेगळा तो पश्चात्ताप, ज्यात ‘हे मी केले’ अशी स्वच्छ कबुली असते. तरुणपणी हे शब्द एकमेकांचे पर्याय वाटतात. साठी ओलांडली म्हणजे प्रत्येकाची चव निराळी कळू लागते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीच्या शेवटच्या अनुवाकात ऋषींनी ज्ञानी पुरुषाचे एक लक्षण सांगितले आहे. आपल्या हातून चांगले का घडले नाही आणि वाईट का घडले, या दोन प्रश्नांचा ताप त्याला होत नाही. ज्ञान्याला तो होत नाही, याचा सरळ अर्थ असा की तुम्हां-आम्हांस तो होतोच. पण ऋषींनी लावलेला क्रम पाहण्यासारखा आहे. केलेल्या पापाचा प्रश्न दुसरा; न केलेल्या सत्कर्माचा पहिला. चार दशके व्यासपीठावर उभे राहिल्यावर या क्रमातील मर्म आम्हांस उमगले. कीर्तन आटोपून बुक्का लावण्यास येणारी उतारवयाची माणसे घटकाभर घुटमळतात आणि मनातले बोलतात. क्वचितच कुणी मोठ्या पापाची गोष्ट सांगतो. बहुतेकांचे गाऱ्हाणे राहून गेलेल्याचे असते. धाकट्या भावाशी बांधावरून अबोला धरला, बोलावयाचे होते, तो गेला. मुलीला शिकावयाचे होते, घाईने लग्न लावून दिले. बायकोने जन्मात एकच गोष्ट मागितली, ती ‘पुढे बघू’ म्हणून टाळली. चोरी, लबाडी, फसवणूक यांपेक्षा हे ‘पुढे बघू’च वृद्धापकाळी उशाशी येऊन बसते.

एका वारकऱ्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आषाढातल्या दशमीच्या रात्री आम्ही पुंडलिकाचे आख्यान लावले होते. आरतीनंतर मराठवाड्याकडील एक वृद्ध शेतकरी पुढे आले आणि म्हणाले, “बुवा, पुंडलिकाचं बरं होतं. त्याची आई-बाप जित्ती होती. डोळं उघडलं तवा चेपायला पाय म्होरं होतं. आमची आई गेली. आता आम्ही कुणाचं पाय चेपायचं?”

त्यांची हकीकत चार वाक्यांची होती. आई धाकट्या मुलाकडे राहत असे. “मला येकदा पंढरीला ने,” असे तिने यांना तीन वेळा विनवले. तिन्ही वेळा ‘पुढल्या साली’ असे उत्तर मिळाले. चौथ्या साली चैत्रात ती वारली. तेव्हापासून या गृहस्थांनी एकही वारी चुकविली नव्हती, आणि एकाही वारीत त्यांस समाधान लाभले नव्हते.

प्रश्न बिनतोड होता. पुंडलिकाच्या कथेत त्याचे उत्तर नाही, कारण पुंडलिक दैवाचा धनी होता. त्याला वेळेवर जाग आली. ज्यांना उशिरा जाग येते त्यांची कथा निराळीकडे शोधावी लागते. ती महाभारतात आहे. दुसऱ्या दिवशी उत्तररंगास आम्ही आश्रमवासिक पर्व घेतले.

धृतराष्ट्राचा हिशेब

अठरा पर्वांतील हे पंधरावे पर्व कीर्तनात फारसे कुणी लावीत नाही. त्यात युद्ध नाही, स्वयंवर नाही; तीन म्हाताऱ्या माणसांचे अरण्यात जाणे, एवढाच विषय. परंतु उतारवयातील अनुतापाची इतकी सखोल कथा आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, धृतराष्ट्र संजयापुढे दीर्घ विलाप करतो. अमुक ऐकले तेव्हाच विजयाची आशा सुटली, तमुक ऐकले तेव्हाच सुटली, अशी श्लोकांमागून श्लोक चाललेली ती मालिका संस्कृताच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. लक्षपूर्वक वाचले म्हणजे ध्यानात येते की, त्यात त्याने काय काय ऐकले याचा हिशेब आहे. स्वतः काय केले किंवा काय करावयाचे टाळले, याचा तेथे हिशेब नाही. द्यूतसभेत द्रौपदीला ओढून आणले तेव्हा आपण सिंहासनावर बसलो होतो, हे तो त्या मालिकेत मांडीत नाही. ही हळहळ होय. हळहळीत माणूस आपल्याच आयुष्याचा प्रेक्षक होतो.

युद्धानंतर पंधरा वर्षे तो हस्तिनापुरात युधिष्ठिराच्या आश्रयाने राहिला. धर्मराजाने मानमरातबात उणे पडू दिले नाही. भीमाला मात्र विसर पडत नव्हता; वृद्ध राजाच्या कानी पडेल अशा बेताने तो दंड थोपटून आपल्या पराक्रमाचे शब्द उच्चारी. अखेर धृतराष्ट्राने वनात जाण्याचे ठरविले. निघण्यापूर्वी त्याने प्रजाजनांना बोलावले आणि हात जोडून त्यांची क्षमा मागितली. कुलाचा नाश आपल्या अपराधाने झाला, हे त्याने या पर्वात स्पष्ट शब्दांत स्वीकारले. आदिपर्वातील ‘मी ऐकले’ येथे ‘मी केले’ झाले. हळहळ संपली आणि पश्चात्ताप सुरू झाला. आंधळ्या राजाला दिसू लागले ते या क्षणी, असे आम्ही म्हणतो.

कुंतीचा खांदा

तो दिवस कार्तिकी पौर्णिमेचा होता. नगरातून बाहेर पडतानाचे व्यासांनी रेखाटलेले चित्र विसरता येत नाही. सर्वांच्या पुढे कुंती. तिच्या खांद्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात. गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात. न दिसणारी दोन माणसे आणि वाट दाखविणारी एक.

पांडवांना वाटले, आई वेशीपर्यंत पोहोचवून परतेल. ती परतली नाही. मुलांनी पुष्कळ विनविले. ज्या राज्यासाठी हे सारे घडले ते आता कुठे हाती आले आहे, त्याचा उपभोग घ्यावयाचा सोडून वनात कशासाठी जातेस, असा त्यांचा प्रश्न होता. कुंतीने युधिष्ठिराला सांगितले ते वेगळेच. कर्णाला सतत आठवीत जा, असे ती म्हणाली. सूर्यपुत्र म्हणून त्याला वेळीच प्रकट केले नाही हा आपला दोष तिने बोलून दाखविला, आणि थोरल्या दिराची व जावेची सासूसासऱ्यांप्रमाणे सेवा करण्यासाठी ती पुढे चालू लागली.

येथे सुज्ञ वाचकांनी क्षणभर थांबावे. कुंतीचे ऋण कर्णाचे होते. जन्मतः त्याला तिने नदीत सोडले आणि त्याच्या हयातीत जगापुढे त्याला ‘माझा’ म्हटले नाही. युद्ध संपल्यावर, गंगेच्या तीरी मृतांना तिलांजली देताना तिने ते पांडवांना सांगितले, तेव्हा कर्ण जगात नव्हता. हे ऋण फिटणार कसे? ज्याचे देणे, तोच उरला नाही. कुंतीने मग जी सेवेला निवडली ती गांधारी. जिचे शंभर पुत्र कुंतीच्या पुत्रांनी मारले ती गांधारी! जगात त्या घटकेला पुत्रशोकाने सर्वांत अधिक पोळलेली माता तीच होती. कर्णासाठी आता काही करता येत नाही. परंतु मूल गमावलेल्या आईला हात देता येतो. कुंतीने आपला खांदा पुढे केला.

पुढे पांडव भेटीस वनात आले असता व्यासमहर्षीही तेथे प्राप्त झाले. युद्धाला सोळा वर्षे लोटली तरी राजाला रात्री झोप नाही, असे गांधारीने त्यांना सांगितले. कुंतीनेही कर्णजन्माची सारी हकीकत त्यांच्यापुढे मोकळी केली. यात तुझा दोष नाही, असे व्यासांनी तिला सांगितले. त्याच रात्री भागीरथीच्या जलातून रणात पडलेले सर्व वीर वर आले. दुर्योधन, अभिमन्यू, घटोत्कच, कर्ण, सारे. कुणाच्याही मनात वैर उरले नव्हते. रात्रभर आप्तेष्टांच्या भेटी झाल्या आणि पहाटे ते सर्व पुन्हा जलात लीन झाले.

ही एक रात्र तुम्हां-आम्हांस मिळणारी नाही, हे खरे. परंतु ती कोणाला आणि केव्हा मिळाली, हे पाहावे. धृतराष्ट्राला ती क्षमायाचनेनंतर मिळाली. कुंतीला ती गांधारीची सेवा पत्करल्यानंतर आणि मनातले उघड केल्यानंतर मिळाली. हस्तिनापुराच्या राजवाड्यात ती कुणालाही मिळाली नव्हती.

शास्त्र काय म्हणते?

धर्मशास्त्रकारांनीही हाच मार्ग दाखविला आहे. प्रायश्चित्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोमूत्र, उपवास आणि दक्षिणा येतात. स्मृतिकारांनी या शब्दाची फोड करताना त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ तप आणि उत्तरार्धाचा अर्थ निश्चय असा सांगितला आहे. निश्चयाने युक्त असे तप म्हणजे प्रायश्चित्त. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या उपायांत कबुली आणि अनुताप यांना अग्रस्थान आहे. आणि नुसता ताप होऊन भागत नाही, पुन्हा असे करणार नाही या निवृत्तीने मनुष्य शुद्ध होतो, असे तेथे म्हटले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात पातके, प्रायश्चित्ते, श्राद्ध आणि तीर्थयात्रा या विषयांचा एकत्र परामर्श घेतला आहे. हे विषय शेजारी का बसतात, ते वय झाल्यावर कळते. श्राद्धाच्या पिंडासमोर बसलेला मनुष्य मनातून पुष्कळदा प्रायश्चित्तच करीत असतो.

व्यासांनी कुंतीला दिलेला दिलासाही शास्त्राइतकाच मोलाचा आहे. आपण बाळगतो त्यातली काही रुखरुख आपल्या दोषाची नसतेच. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महासाथीमुळे संतांच्या पादुका एस.टी.तून पंढरीस आल्या आणि लक्षावधी वारकऱ्यांनी घरूनच हात जोडले. त्याच काळात कितीक घरांतील माणसे रुग्णालयात एकाकी गेली. मुलांना मुखदर्शन झाले नाही, अग्नी परक्या हातांनी दिला. आजही माताभगिनी येऊन विचारतात, “बुवा, शेवटचं पाणी माझ्या हातून घडलं नाही, त्यांना गती मिळेल ना?” त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, बाई, दार बंद होते ते तुम्ही लावलेले नव्हते. जे आपल्या हातात नव्हते त्याचा भार वाहणे हा पश्चात्ताप नव्हे. दुःख करावे, अवश्य करावे. त्यास अपराधाचे नाव देऊ नये. सूक्ष्म दृष्टीने पाहिले तर सर्व काही आपल्याच हातात होते असे मानण्यात एक अहंकारही दडलेला असतो.

राहिलेले आणि उरलेले

त्या शेतकरी गृहस्थांचे पुढे काय झाले, ते सांगावयास हवे. आख्यान ऐकून ते काही न बोलता गेले होते. दोन वर्षांनी पुन्हा भेटले तेव्हा त्यांच्यासोबत काठी टेकीत चालणारी एक म्हातारी होती. आम्ही विचारले, “ह्या कोण?” ते म्हणाले, “आमच्या गल्लीतली हाय, बुवा. मागं ना लेक, ना लेकीचं कुनी. गेल्या सालापासनं आणतोय. लई भांडती. च्यात साखर कमी म्हनून भांडती, हळू चाल म्हनून भांडती. आमची आई येवढी भांडखोर नव्हती.”

आम्हांस हसू आले, त्यांनाही आले. मग आम्ही विचारले, आता मनाची रुखरुख गेली का? ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “न्हाई. ती हाय तितंच हाय. पन आता रातच्याला उठवत न्हाई.”

हे उत्तर आम्हांस कोणत्याही भाष्यग्रंथातील उत्तराहून अधिक खरे वाटते. रुखरुख नष्ट होते असे सांगणारा कीर्तनकार श्रोत्यांना फसवितो. गेलेली आई पंढरीला येत नाही. धरलेला अबोला मागे जाऊन सोडता येत नाही. परंतु ज्याचे देणे होते तो गेला, म्हणून देणे संपत नाही, आणि ते दुसरीकडे भरण्याची सोयही संपत नाही. ज्याने आईला आणले नाही त्याने कुणाच्या तरी आईला आणावे. ज्याने मुलीची शाळा सोडविली त्याने नातीची, शेजारच्या पोरीची फी भरावी. भावाशी बोलणे राहिले असेल तर भावजय असते, पुतणे असतात. आणि ज्याचे देणे आहे तो सुदैवाने अजून जिवंत असेल, त्याला तर कुंतीच्या कथेची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याने पुंडलिकाचा मार्ग धरावा आणि आजच उठावे. भ्रमणध्वनीच्या या काळात अबोला सोडावयास कोसभर चालावेही लागत नाही. मन तेवढे चालते करावे लागते.

आज देवशयनी एकादशी. आजपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. घरोघरी नेम धरले जातील. कुणी कांदा-लसूण सोडील, कुणी वांगे, कुणी एकभुक्त राहील, कुणी पोथी लावील. हे सर्व उत्तमच आहे. आमची साठीपलीकडील वाचकांना हात जोडून विनंती एवढीच की, यंदा त्यात आणखी एक नेम जोडावा. आपल्या मनातील सर्वांत जुनी रुखरुख कोणती, ती एकदा नाव घेऊन ओळखावी. तिच्यात दोष आपला किती आणि काळाचा किती, हे प्रामाणिकपणे निवडावे. आपल्या वाट्याचे जे असेल ते जिथे बोलता येईल तिथे बोलून मोकळे व्हावे, आणि या चार महिन्यांत त्या देण्याची एक वीट कुणा जिवंत माणसाच्या दारी नेऊन ठेवावी. वीट लहान असली तरी हरकत नाही. तिच्यावर कोण येऊन उभे राहील, याची चिंता आपण करू नये. पुंडलिकानेही मागे वळून पाहिले नव्हते.